गोव्यातले शेत, भाट आणि म्हापशातले दुकान विकायचे आहे? गिऱ्हाइकाआधी वारसांची यादी करा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या आजोबांच्या नावावर बार्देश तालुक्यातल्या गावी एक भातशेत आणि एक भाट, म्हणजे माडांची बाग आहे, शिवाय म्हापशात एक दुकान, ज्यात तोच भाडेकरू वर्षानुवर्षे बसला आहे. आजोबा १९८३ साली गेले, आजी १९९६ साली. तुमचे वडील, दोन काका आणि आत्या अशी चार भावंडे. वडील आता नाहीत, धाकटे काका लिस्बनला स्थायिक आहेत, आणि तुम्ही आई-बहिणीसह डोंबिवलीत. मुंबईतला एक दलाल तिन्ही मिळून एकरकमी किंमत द्यायला तयार आहे, दहा लाख टोकन लगेच देतो म्हणतो आणि त्या बदल्यात कुलमुखत्यारपत्र मागतो. 'भाव बरोबर आहे का आणि कागद कुठले लागतील,' असे तुम्ही विचारले आहे.

म्हापशात वारसा आणि जमिनीच्या याच कामात माझी तीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, भावाचा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी दोन प्रश्न आहेत. या तीन मालमत्तांपैकी विकण्यासारखे तुमच्याकडे नेमके काय उरले आहे? आणि 'तुमच्याकडे' म्हणजे कोणाकोणाकडे? पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या भूमीत या दोन्हींची उत्तरे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखी एका कागदावर मिळत नाहीत.

आधी माणसांचे बघू. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही कुटुंब व वारशाच्या बाबतीत चालू राहिला. आता वारशाचा भाग २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आला आहे आणि तो २०१६ पासून अमलात आहे. पण गाभा तोच: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे उताऱ्यावर नाव एकट्या आजोबांचे असले तरी निम्मी मालमत्ता पहिल्या दिवसापासून आजीची होती. आजोबा गेले तेव्हा फक्त त्यांचा अर्धा भाग मुलांकडे आला आणि आजी गेल्यावर तिचा. दोन मृत्यू, दोन वारसे. मुलगी आणि मुलगा यांत या कायद्याने कधीच भेद केला नाही. तुमच्या आत्याचा चौथा हिस्सा आहे. 'तिला लग्नात दिले' हे वाक्य नोटरीपुढे चालत नाही.

बाहेरून आलेला खरेदीदार आणि कित्येक वकील जिथे चुकतात ती जागा पुढे आहे. सामाईक मालमत्तेचा नियम वारसांच्या लग्नांनाही लागतो. काकांना मिळालेल्या हिश्शात काकू निम्म्याच्या मालकीण आणि आत्याच्या हिश्शात आत्याचे यजमान निम्म्याचे मालक. वीस वर्षांपूर्वी मीच केलेल्या एका खरेदीखतावर तीन भाऊ आणि फोंड्यात दिलेल्या बहिणीची सही होती, मेहुण्यांची राहिली. बहिणीने 'ते काही म्हणणार नाहीत' असे सांगितले आणि मी ऐकले. वर्षभराने मेहुणे वारले, त्यांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा उभा राहिला आणि प्रकरण सहा वर्षे कोर्टात होते. तेव्हापासून माझ्या कार्यालयात वारसांची यादी नेहमी जोडप्यांची होते, एकेकट्या नावांची नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. वडील तरुणपणीच महाराष्ट्रात आले आणि लग्नही तिथेच झाले, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. त्या लग्नाची नोंद गोव्याच्या नागरी नोंदणीत आहे का, लग्नाच्या वेळी त्यांचा अधिवास कुठला होता, यावर हिशेब बदलतो. गोव्याचा नियम धरला तर वडिलांच्या चौथ्या हिश्शाचा अर्धा, म्हणजे एकूण मालमत्तेचा आठवा भाग, आईचा. उरलेला आठवा भाग तुम्हा दोघां भावंडांत सारखा, प्रत्येकी सोळावा. हिंदू वारसा कायदा धरला तर तिघांना सारखे, प्रत्येकी बारावा. यावर वाद घालणारे वकील दोन्ही बाजूंना मिळतील. पण नीट पाहा, दोन्ही हिशेबांत सही करणारी माणसे तीच तीन आहेत. फरक फक्त आपसात पैसे वाटण्याचा आहे, आणि तो आईसमोर बसून घरातच ठरवता येतो. वाटपाचा करार लिहून ठेवा आणि विक्री पुढे न्या. तुमची आणि बहिणीची लग्ने झाली असतील तर जोडीदारांना संमती देणारे म्हणून खतावर घ्याच.

(आजोबांची मुंबईत एखादी खोली असेल तर तिलाही हेच लागू होईल. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही गोव्याच्याच कायद्याने वारसांकडे जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.)

वारस ठरवायचे दोन मार्ग आहेत. सगळे एकत्र विकायला तयार असतील तर विशेष नोटरीकडे वारसाखत करायचे. त्यात फक्त वारस कोण एवढेच जाहीर होते. कोणाला काय मिळाले ते नाही. एखादा अडून बसला किंवा कोणाला भाट ठेवायचे असेल, तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत लागते आणि वारसांमध्ये आपसात बोली होते. ज्याची बोली चढी त्याला ती वस्तू, आणि तो बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. लोक इन्व्हेंटरीला भितात, कारण घोंगडे भिजत पडेल असे वाटते. वाद नसेल तर ती आटोपते, आणि तिच्या शेवटी जो तक्ता हातात येतो त्यावर कोणीही खरेदीदार डोळे मिटून विश्वास ठेवतो. तुमच्या आत्याला भाट हवे आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तसे असेल तर मी इन्व्हेंटरीच सुचवीन. तिला तो हक्क मिळायला हवा, आणि बाहेरच्याशी बोलण्याआधी मिळायला हवा.

आता कागद. गोव्यात एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला सातबारा, हेच सर्वस्व असा समज आहे. हा उतारा १९६८ च्या जमीन महसूल कायद्याखाली झालेल्या सर्वेक्षणातून आला. त्यातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. तो ताब्याचा आणि महसुलाचा कागद आहे. मालकीचे मूळ त्याच्या मागे, पोर्तुगीज काळात आहे. ते शोधायचे तर तेव्हाच्या जमीन नोंदणी कार्यालयाची 'डिस्क्रिप्शन' आणि 'इन्स्क्रिप्शन' ही दोन प्रमाणपत्रे काढायची. पहिल्यात मालमत्तेचे वर्णन, नाव आणि चतुःसीमा असतात, दुसऱ्यात ती कोणाच्या नावे कशी आली ते. 'मात्रीझ' हा तिसरा कागदही सापडेल, पण तो कराचा. घरपट्टीच्या पावतीइतकेच त्याचे वजन. हे सगळे पोर्तुगिजीत असते, तेव्हा अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागते.

शोधताना आडनावांनी फसू नका. कामतचे 'कामोतीं', प्रभूचे 'पोरोबो', शेणवीचे 'सिनाय' झालेले असते, आणि शंकर हे नाव रोमी एक्स या अक्षराखाली सापडते, कारण पोर्तुगिजीत 'श'साठी ते अक्षर वापरत. गेल्या वर्षी एका कुटुंबाने 'आमच्या पणजोबांची नोंदच नाही' म्हणून हात टेकले होते. नोंद होती, आम्ही चुकीचे अक्षर उघडून बसलो होतो. वर्णनातल्या पूर्व-पश्चिमेच्या शेजाऱ्यांची नावे सर्वे नकाशाशी जुळवणे हे खरे कष्टाचे काम. गावातला ऐंशीचा एखादा म्हातारा त्यात कुठल्याही दप्तरापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण भाटांची नावे त्यालाच ठाऊक असतात.

आता एकेक मालमत्ता घेऊ, कारण माझ्या मते तिन्ही एकत्र विकणे ही तुमची सर्वांत महागडी चूक ठरेल.

शेतापासून सुरुवात करतो. एक-चौदावर कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे का, ते आजच पाहा. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर सर्वे नंबर टाकला की उतारा दिसतो. गोव्याचा कूळ कायदा १९६४ चा. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ रोजी जमीन कसणारा कूळ त्या दिवसापासून खरेदीदार मानला गेला. मामलेदाराने ठरवलेली किंमत तुमच्या कुटुंबाने घेतली असो वा नसो, कूळ खरे असेल तर शेत विकण्याचा हक्क तुमच्याकडे बहुधा नाही. उरला असेल तर त्या किमतीवरचा हक्क. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, नाव अजून उताऱ्यावर असते. पण त्या शेतात चाळीस-पन्नास पावसाळे चिखल तुडवलेला माणूस तो आहे, आणि कायद्याने ते मान्य केले, हे मला योग्यच वाटते.

रकाना कोरा असेल तर शेत विकता येईल, पण त्या दलालाला नाही. २०२३ च्या कायद्याने गोव्यातली भातशेती शेतकरी नसलेल्याला हस्तांतरित करायला मनाई केली आहे. अपवाद मोजके, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. मुंबईचा दलाल 'झोन बदलून घेऊ' म्हणतो तेव्हा तो नगर नियोजन कायद्याच्या १७(२) किंवा ३९अ कलमाकडे बोट दाखवत असतो. या दोन्ही कलमांना उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे आणि त्यांवरून गोव्यात केवढा संताप आहे ते तुम्ही वाचत असालच. त्या आशेवरचा भाव हा भाव नव्हे. शेत खाजनातले असेल तर आणखी जपून. खाजन म्हणजे खाडीला बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे दार) घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन; एकाच्या तुकड्यात भराव पडला की पाण्याची वाट मोडते आणि शेजारच्या दहा शेतांत खारे पाणी शिरते. माझा सल्ला स्पष्ट आहे: शेत लगतच्या कसणाऱ्याला विका. किंमत कमी येईल, पण व्यवहार टिकेल आणि शेत शेतच राहील.

भाटाची गोष्ट निराळी. त्यात 'एक जुने घर आहे, राखणदाराचे' असे तुम्ही लिहिले. गोव्यात त्याला मुंडकार म्हणतात. भाटकाराच्या परवानगीने भाटात घर बांधून राहणाऱ्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि ते घर जमिनीसह विकत घेण्याचा हक्कही: पंचायत क्षेत्रात तीनशे चौरस मीटरपर्यंत, अन्यत्र दोनशे. भाट विकले तरी मुंडकार तिथेच राहतो. नवा मालक त्याला हलवू शकत नाही. 'मोकळे भाट' म्हणून खत केले आणि घर निघाले तर खरेदीदार तुमच्यावरच फसवणुकीचा दावा लावील.

मी काय करतो ते सांगतो. विक्रीची जाहिरात करण्याआधी मुंडकाराच्या घरी जातो, चहा घेतो, आणि त्याच्या नावे घराचे खत करून द्यायला कुटुंबाला राजी करतो. मामलेदारापुढे दोन्ही बाजूंची संमती असली की काम पुष्कळ सोपे होते. मग नकाशावर त्याचा तुकडा वेगळा पडतो आणि उरलेले भाट खरोखर मोकळे होते. कुटुंबातले कोणीतरी हमखास म्हणते, 'फुकट जमीन का सोडायची?' ती आधीच सुटलेली आहे. फक्त कागद व्हायचा आहे, आणि तो कागद असला की बाकीच्या भाटाला चांगला भाव येतो. लक्षात ठेवा, भाटाचा तुकडा पाडून विकायचा असेल तर नगर नियोजन खात्याचा ना हरकत दाखला लागतो. त्याशिवाय उपनिबंधक खत नोंदवत नाही.

भाटाबद्दल आणखी एक तपासा: घरी 'फोर', म्हणजे जमिनीचा वार्षिक खंड, भरल्याच्या जुन्या पावत्या आहेत का? असतील तर जमीन बहुधा कोमुनिदादीची, आणि तुमच्याकडे आहे तो 'आफोरामेंत', म्हणजे कायमचा भाडेपट्टा. गावकऱ्यांच्या या संस्था पोर्तुगिजांच्याही आधीच्या. १५२६ च्या सनदेत त्यांचे रिवाज फक्त लिहून घेतले गेले. बार्देशात अशी भाटे खूप. पट्टा हस्तांतरित होऊ शकतो, पण त्याच्या अटी पाहून आणि कोमुनिदादीच्या नोंदीसह. गाव पेडण्यात किंवा सत्तरीत असते तर मोकासो आणि आल्वारा हे सरकारने दिलेल्या जमिनींचे आणखी प्रकार निघाले असते. तुम्हाला त्यांची चिंता नाही.

इथपर्यंतचे थोडक्यात: आधी जोडप्यांसह वारस, मग पोर्तुगीज काळापासूनची मालकी, मग शेतासाठी कुळाचा रकाना, भाटासाठी मुंडकार आणि फोर.

दुकानाकडे येतो. पहिला प्रश्न, दुकान पालिकेच्या बाजारात आहे की खासगी इमारतीत? पालिकेच्या बाजारातले असेल तर आजोबांकडे मालकी नव्हती, फक्त गाळ्याचा पट्टा होता, आणि पालिकेच्या संमतीशिवाय तो विकता येत नाही. खासगी असेल तर शहर सर्वेक्षणाचा उतारा काढा. तिथे सर्वे नंबराऐवजी पी. टी. शीट आणि चलता नंबर असतो. व्यापार परवाना भाडेकरूच्या नावे असेल, त्याने मालकीवर काही होत नाही.

जुन्या भाडेकरूला १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. रिकामे करून घेऊन विकायचे म्हटले तर पुढची काही वर्षे त्यातच जातील. भाडेकरूसह विकले तर खरेदीदार मिळणाऱ्या भाड्याच्या हिशेबाने किंमत लावतो, आणि जुने भाडे किती असते हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून अशा दुकानाचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक बहुतेक वेळा गल्ल्यावरच बसलेला असतो. रिकाम्या दुकानाची पूर्ण किंमत तो देणार नाही, पण बाहेरच्यापेक्षा जास्त देईल, कारण त्याच्या धंद्याचे नाव त्या दारावर आहे. शुक्रवारच्या बाजाराला गर्दी असते. एखाद्या मंगळवारी सकाळी जा, आत्याला बरोबर घ्या, आणि थेट विचारा. तो बँकेचे कर्ज काढणार असेल तर जुन्या इमारतीला वहिवाट दाखला नसल्यामुळे अडचण येऊ शकते, तेवढी मुदत त्याला द्या.

कर हेही तिन्ही वेगळे विकण्याचे मोठे कारण आहे. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण कुठली, ते जवळच्या पालिकेपासूनच्या हवाई अंतरावर ठरते. म्हापशाची लोकसंख्या २०११ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास होती. अशा शहरासाठी ते अंतर दोन किलोमीटर आहे. तुमचे गाव त्यापलीकडे असेल आणि भाटात खरोखर बागायत असेल तर फरक मोठा पडतो. दुकानावर मात्र कर आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, आणि त्याआधी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह वीस टक्क्यांचा पर्याय. आजोबांच्या काळातल्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच घ्या. एकरकमी सौद्यात हे सगळे एकमेकांत मिसळते आणि करमुक्त रुपया कुठला ते सिद्ध करत बसावे लागते. गोव्याच्या सामाईक मालमत्तेची दखल आयकरानेही घेतली आहे: १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५अ प्रमाणे पगार सोडून बाकीचे उत्पन्न अशा नवरा-बायकोत निम्मे निम्मे धरले जात आले आहे. काका-आत्याच्या सीएला हे आवर्जून सांगा.

लिस्बनच्या काकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल तर वारशाने आलेली शेतजमीन ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकू शकतात. त्यांच्या वाट्यावरची करकपात अनिवासी व्यक्तीच्या नियमाने, बरीच जास्त, होते. कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी मागावे लागते. पैसे बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमच्या व्यवहारात ती आड येणार नाही. त्यांचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात करून घ्या आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्या.

तो मुखत्यारपत्राचा मुद्दा आला म्हणून दलालाबद्दल. काकांचे मुखत्यारपत्र घरच्या माणसाच्या नावे, ठरावीक कामासाठी, खरेदीदाराचे नाव घालून असावे. दलालाला काहीही देऊ नका. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे, पण त्या कागदाने तो तुमच्या नावाने टोकन घेईल, करार करील, आणि तुम्ही डोंबिवलीत बसून निस्तरत राहाल. गोव्यात दूर राहणाऱ्यांच्या जमिनी बनावट जुन्या खतांवर हडप झाल्या. २०२२ मध्ये त्यासाठी खास तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. बळी पडलेले बहुतेक तुमच्यासारखेच होते: मालक वारलेला, वारस विखुरलेले, उतारा कित्येक वर्षांत कोणी पाहिलेला नाही. तेव्हा विकायचे ठरो वा न ठरो, दर महिन्याला उतारा उघडून पाहायची सवय आजपासून लावा, आणि फेरफाराची नोटीस ज्या पत्त्यावर जाईल तिथे कोणीतरी आपले माणूस राहू द्या.

क्रम विचाराल तर असा. या आठवड्यात आत्याला फोन करा, विक्रीसाठी नव्हे, तिला काय हवे ते विचारण्यासाठी. मग आजी-आजोबांच्या लग्नाची आणि मृत्यूची नोंद, चारही भावंडांच्या लग्नांची नोंद, तिन्ही उतारे आणि फोराच्या पावत्या गोळा करून म्हापशाला या. शेतात कोण कसतो आणि भाटात कोण राहतो त्यांना मी भेटण्याआधी तुम्ही भेटा. नातू आला म्हटल्यावर ते जे सांगतील ते वकिलाला सांगणार नाहीत. दलालाला एका ओळीचे पत्र पाठवा की वारसनिश्चिती होईपर्यंत कुटुंब कोणतेही टोकन स्वीकारत नाही, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा.